तारीख टेबलावर, कार्यकर्ती रस्त्यावर

“ताई, आज तारीख होती म्हणं की. तुम्ही काहून आल्या नाही?”

चाकूरच्या बसस्थानकावर उभी असताना हा फोन आला. फोन करणारी बाई लातूर जिल्ह्यातल्या एका गावची. तिच्या मुलाला मारहाण झालेली, ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झालेला, आणि त्या दिवशी आरोपींच्या जामिनावर सुनावणी होती. या कायद्याच्या कलम १५अ नुसार अशा सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि तिथं त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. सूचना मिळालेली होती. बाईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या पुतण्यानं कागदाचा फोटो काढून आमच्या नांदेडच्या कार्यालयाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तिथल्या सहकाऱ्यानं त्याच दिवशी ती तारीख कॉम्प्युटरवरच्या कामांच्या यादीत टाकली होती, समोर माझं नाव लिहून. मी त्या दिवसांत लातूरकडं फिरतीवर होते. कामांची यादी माझ्या मोबाईलमध्येही होती. फक्त ती दहा दिवस जुनी होती.

जामीन झाला. तो कदाचित तसाही झाला असता. पण ती बाई न्यायाधीशांसमोर उभी राहिली असती, आरोपी गावात परत आले तर तिला कशाची भीती वाटते हे तिच्या तोंडून नोंदीवर आलं असतं. ते राहून गेलं, आणि गेलेली तारीख परत येत नाही.

चूक कुणाची म्हणायची? नोटीस बजावणाऱ्यानं बजावली. पुतण्यानं फोटो पाठवला. सहकाऱ्यानं नोंद केली. मी माझी यादी रोज बघत होते. प्रत्येकानं आपलं काम केलं आणि तरीही काम झालं नाही. नांदेडच्या टेबलावरची नोंद लोहा, अहमदपूर, चाकूर असा प्रवास करणाऱ्या माझ्या खिशापर्यंत पोचली नाही, एवढंच घडलं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. आज त्यावरच लिहिते आहे.

कॉम्प्युटरवरच्या टिपणं आणि कामांच्या याद्या मोबाईलमधल्या नोंदींशी जुळत्या ठेवणं, म्हणजे ज्याला सगळे सिंक म्हणतात, हा विषय आपल्या बैठकीत काढला की लोक हसतात. “ताई, हे कंपनीवाल्या पोरांचं काम. आपल्याला मोर्चा काढायचाय.” मोर्चा काढायचाच आहे. पण मोर्चानंतर दिलेल्या निवेदनाची पोच कुठं आहे, त्यावर कोणत्या तारखेला उत्तर यायचं होतं, आणि आलं नाही म्हणून पुढं कुणी काय करायचं ठरलं होतं, हे सहा महिन्यांनी विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: “ते अमुक साहेबांना माहीत असेल.” साहेब फोन उचलत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. नोंद एका यंत्रात किंवा एका माणसात अडकून राहते, तोवर ती संघटनेची नोंद नसते. आणि नोंदीशिवायची संघटना प्रत्येक प्रकरणात पहिल्या पायरीपासून सुरुवात करते.

लिहायचं कुणी, हा जुनाच प्रश्न

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. मॅक्स वेबर शिकताना नोकरशाहीच्या लक्षणांत लेखी कागदपत्रं, फायली यांना त्यानं दिलेली मध्यवर्ती जागा परीक्षेपुरती पाठ केली होती. त्याचा अर्थ तहसीलच्या व्हरांड्यात कळला. समोरचा कारकून बदलतो, अधिकारी बदलतो, पण फाईल राहते. नवा माणूस फाईल उघडतो आणि जुन्याच्या पुढं सुरू करतो. आपल्याकडं कार्यकर्ता बदलला की सगळं नव्यानं सांगावं लागतं.

गावगाड्यात हेच होतं. गावची शीव कुठून कुठं जाते हे महाराला विचारायचे, वाद झाला की त्याची साक्ष धरायचे. पण लिहिलेला कागद असायचा कुलकर्ण्याच्या दप्तरात, आपल्या निजामी मुलखात पटवाऱ्याच्या. आठवण आपली आणि दप्तर दुसऱ्याचं. आणि वेळ आली की दप्तरच चालतं. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना किती महत्त्व आलं ते आपण पाहिलं. त्या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आजच्या माणसाचा दाखला ठरतो, हे मात्र सगळ्यांना दिसलं.

बाबासाहेबांच्या कागदांचं काय झालं तेही आठवा. १९५६ नंतर त्यांच्या अप्रकाशित लिखाणाच्या पेट्या वर्षानुवर्षं न्यायालयीन आणि सरकारी ताब्यात पडून होत्या. महाराष्ट्र शासनानं वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड काढला तो १९७९ साली. १९८७ च्या तिसऱ्या खंडात ‘इंडिया अँड द प्री-रिक्विझिट्स ऑफ कम्युनिझम’ या नियोजित ग्रंथाचा आराखडा मोठा आहे आणि हाती लागलेली प्रकरणं थोडी. बाकीची लिहिलीच गेली नाहीत की मधल्या काळात हरवली, हे ठरवायला दुसरी प्रत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकं आणि कागद जिवापाड जपले, त्याच्या लिखाणाची ही गत. मग आपल्या टिपणांचं काय?

आपल्या कामाचं कॅलेंडर

काही जण म्हणतील, तारखा लक्षात राहतात. राहत नाहीत. एका प्रकरणाच्या मागं किती तारखा असतात ते मोजून बघा.

ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तपास आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत व्हायला हवं. उशीर झाला तर त्याचं कारण लेखी द्यावं लागतं. तातडीची मदत सात दिवसांत मिळायला हवी. अर्थसाहाय्याची रक्कम बहुतेक गुन्ह्यांत टप्प्याटप्प्यानं येते: काही गुन्हा नोंदल्यावर, काही दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, काही दोषसिद्धीनंतर. विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध कलम १४अ खाली उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. झाली नाही, तर विचारायचं कुणी?

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर उत्तराला ३० दिवस, त्यानंतर पहिल्या अपिलाला ३० दिवस, दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. यात शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत, जात पडताळणीच्या त्रुटी भरून द्यायची तारीख आणि कोर्टाच्या तारखा मिळवा. पंधरा प्रकरणं हातात असली तर शंभराच्या आसपास तारखा होतात. एवढ्या तारखा डोक्यात ठेवणारा कार्यकर्ता हुशार म्हणून मिरवतो, पण तो आजारी पडला की पंधरा कुटुंबं अडकतात.

कायद्यानं दिलेला प्रत्येक हक्क शेवटी एका तारखेवर टांगलेला असतो. समोरच्या पक्षाचा वकील ती तारीख विसरत नाही, कारण त्याच्याकडं डायरी लिहिणारा माणूस आहे.

अडतं कुठं

चाकूरच्या त्या फोननंतर आम्ही चौघं बसलो आणि आमच्या नोंदी कुठं कुठं आहेत ते लिहून काढलं. काही कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर, काही माझ्या मोबाईलमध्ये, काही एका ताईच्या वहीत, आणि उरलेल्या सगळ्या व्हॉट्सॲपवर. यातली एकही जागा दुसरीला ओळखत नव्हती. मग लक्षात आलं की गोष्ट एखादं ॲप टाकण्यानं मिटणारी नाही. चार वेगवेगळ्या अडचणी होत्या.

पहिली अडचण व्हॉट्सॲप. तिथं निरोप पोचतो आणि आपल्याला नोंद झाल्याचं समाधान मिळतं. पण कोर्टाची तारीख जयंतीच्या फोटोंखाली, ‘गुड मॉर्निंग’खाली दोन तासांत गाडली जाते. तिथं काम कुणाकडं आहे आणि झालं की नाही, हे दिसत नाही. व्हॉट्सॲप हा सांगावा आहे, वही नव्हे.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमची जुनी टिपणं श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये टाईप केलेली होती. या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची चिन्हं. तो फाँट मोबाईलमध्ये नसतो, म्हणून तीच फाईल मोबाईलवर उघडली की नुसती खिचडी दिसते. म्हणजे फाईल पोचली तरी मजकूर पोचत नाही, आणि शोधायला गेलं तर नाव सापडत नाही. यावर एकच उपाय: यापुढं सगळं युनिकोडमध्ये. जुनं रूपांतरित करून घ्यायचं आणि रूपांतरानंतर डोळ्यांनी तपासायचं, कारण जोडाक्षरं बिघडतात.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘बिऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो: एकात खाली टिंब असलेला ऱ वापरला जातो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारी एक जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द असू शकतात. कॉम्प्युटरवर एका कीबोर्डनं लिहिलेलं नाव मोबाईलवर दुसऱ्या कीबोर्डनं शोधलं तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. आकड्यांचंही तसंच, मराठी ७ आणि इंग्रजी सात ही यंत्रासाठी दोन चिन्हं आहेत.

तिसरी अडचण खात्याची. आमच्याकडं एक मुलगा दोन वर्षं काम करत होता. मन लावून नोंदी ठेवायचा, पण त्याच्या खाजगी जीमेल खात्यावर. त्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. फोन केला की आजही मदत करतो, पण जुना मोबाईल विकताना त्या खात्याचा पासवर्डच हरवला. त्याच्यासोबत आमची दोन वर्षं गेली. त्याला दोष देऊन उपयोग नाही. संघटनेचं खातं उघडायला हवं होतं ते आम्ही उघडलं नव्हतं.

चौथी अडचण फुकटच्या ॲपवर आंधळा विश्वास. वंडरलिस्ट नावाचं कामांच्या यादीचं लोकप्रिय ॲप होतं. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ साली विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांवर ५० टिपणांची मर्यादा घातली. त्या कंपन्यांनी आपल्याला काही वचन दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड केलं की मालकाच्या मर्जीनं राहावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आम्ही काय केलं

सगळी टिपणं आता साध्या मजकुराच्या स्वरूपात आहेत, कुठल्याही यंत्रात उघडतील अशी. जॉप्लिन नावाचं मुक्त स्रोत ॲप आम्ही वापरतो. ते विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं, त्यात टिपणं आणि करायची कामं दोन्ही ठेवता येतात, कामाला गजर लावता येतो. नेट नसलं तरी लिहिता येतं. नेट आलं की जुळवून घेतं. मधल्या सर्व्हरवर टिपणं कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यात कूटबद्ध करायची सोय आहे. ती आपोआप चालू नसते, आपण चालू करावी लागते. ज्यांना मधे कुणाचाच सर्व्हर नको, त्यांना सिंकथिंग वापरता येईल; एकाच वायफायवर आले की कॉम्प्युटर आणि मोबाईल थेट एकमेकांशी फाईल जुळवतात. ज्यांना हे अवघड वाटतं त्यांनी गुगल कीपवर संघटनेच्या खात्यानं सुरुवात केली तरी चालेल, फक्त त्यात पीडितांची नावं आणि जबाब टाकू नयेत.

नेटशिवाय चालण्याचा मुद्दा किरकोळ समजू नका. आंदोलनाच्या काळात जालना, बीडसारख्या जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालेलं आपण अनुभवलं आहे. जेव्हा नोंदीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच नेट नसतं. यादीची पूर्ण प्रत मोबाईलच्या आत असली पाहिजे.

ॲपपेक्षा नियम महत्त्वाचे ठरले. नावाऐवजी प्रकरण क्रमांक वापरायचा: जिल्हा, अनुक्रम आणि वर्ष. त्यामुळं आडनावाच्या शोधाचा घोळ मिटला आणि ओळखही झाकली गेली. तारीख नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची, म्हणजे याद्या आपोआप क्रमानं लागतात. आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत टाकायचे. प्रत्येक कामासमोर एकाच माणसाचं नाव. ‘सर्वांनी बघावे’ असं लिहिलेलं काम कुणीच बघत नाही. आणि ज्यानं तारीख टाकली त्यानं ज्याचं नाव लिहिलं त्याला फोन करून ‘दिसली का?’ असं विचारायचं. तो स्वतःच्या मोबाईलवर बघून ‘दिसली’ म्हणेपर्यंत नोंद झाली असं धरायचं नाही. स्वस्त मोबाईलमधली बॅटरी वाचवायची सोय ॲपला मागं झोपवून टाकते, म्हणून हे विचारणं लागतं.

एकाच टिपणात दोघांनी दोन ठिकाणी नेट नसताना बदल केला तर यंत्र दोन प्रती समोर ठेवतं. खरी कोणती हे यंत्र सांगू शकत नाही. दोघांनी फोनवर बोलूनच ठरवावं लागतं. आम्ही दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास यासाठी ठेवला आहे. त्याच वेळी पुढच्या आठवड्याच्या तारखा कागदाच्या रजिस्टरमध्येही उतरवतो.

कागद कशाला, असं तरुण मुलं विचारतात. कारण सिंक म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. मोबाईलवर चुकून टिपण पुसलं तर सिंक तेही इमानदारीनं कॉम्प्युटरपर्यंत पोचवतं आणि तिथूनही पुसलं जातं. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत पेनड्राईव्हवर घेऊन नांदेडची लातूरला ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरांबरोबर घरातल्या ट्रंकाही दगडमातीखाली गेल्या. दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवणं म्हणजे न ठेवणंच.

आक्षेप

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा: “नामांतराचा लढा आम्ही मोबाईलशिवाय लढलो.” खरं आहे, आणि त्या लढ्यापुढं मी नतमस्तक आहे. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, सोळा वर्षं तो चालला. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे गेले. नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ ला स्वतःला जाळून घेतलं. पण दादा, त्या सोळा वर्षांतल्या तुमच्या वह्या कुठं आहेत? कोणत्या गावात किती घरं जळाली, कुणाला काय भरपाई मिळाली, कोणता खटला कसा सुटला, हे तुमच्या हस्ताक्षरात होतं. किती वह्या दंगलीत जळाल्या, किती वाळवीनं खाल्ल्या, किती घर बदलताना रद्दीत गेल्या? तुम्ही लिहिलं नाही असं मी म्हणत नाही. लिहिलेलं आमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच म्हणते. माझ्या यादीला माझ्या फोनपर्यंत यायचं होतं, तुमच्या वहीला पुढच्या पिढीपर्यंत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: “सगळं मोबाईलमध्ये ठेवलं तर उद्या जप्त होईल.” एल्गार परिषद प्रकरणात २०१८ साली जप्त झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालात म्हटलं आहे की त्यातली आक्षेपार्ह कागदपत्रं मालवेअरच्या वाटेनं बाहेरून पेरलेली होती. तपास यंत्रणेनं हे मान्य केलेलं नाही. पण त्यातून आपण घ्यायचा धडा ‘लिहू नका’ असा नाही. चोरीचं विंडोज वापरू नका, अनोळखी ईमेलमधली फाईल उघडू नका, मोबाईलला कुलूप ठेवा, आणि जे मोबाईलमध्ये असण्याची गरज नाही ते तिथं ठेवू नका, असा तो धडा आहे. फिरतीवर मला प्रकरण क्रमांक, तारीख आणि काम एवढंच लागतं. कोणता क्रमांक कुणाचा याची यादी आमच्याकडं फक्त कागदावर, कुलपात आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तरी आपलेच कार्यकर्ते तळमळीनं एफआयआरचा फोटो शंभर जणांच्या ग्रुपवर टाकतात. ती तळमळ त्या मुलीला महाग पडते.

इथंच पुराव्याबद्दलही सांगते. जखमेचा फोटो, धमकीचा व्हिडिओ सिंक झाला म्हणून मोबाईलमधला मूळ पुसू नका. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं; मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही. नव्या साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. निकाल आपल्या मराठवाड्यातल्याच मतदारसंघातला, पण आपल्या किती कार्यकर्त्यांना तो माहीत आहे?

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा अडसर तोच आहे. नोंद सगळ्यांना दिसली तर नेत्याचं महत्त्व कमी होतं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी नेता म्हणजेच दप्तर. कोणत्या गावात कोण आहे, कोणत्या वकिलाशी काय बोलणं झालं, हे त्याच्या एकट्याच्या फोनमध्ये. म्हणून गट फुटला की वहीही फुटते. आणि जिथं नोंदी ठेवल्या जातात तिथं ते काम बहुधा बायकांकडं असतं. बैठकीचं टिपण ताईनं लिहायचं, भाषण दादानं करायचं. सगळ्यांच्या मोबाईलवर एकच यादी आली की कुणाच्या नावासमोर किती कामं झाली आणि किती पडून आहेत, हे आपोआप उघडं पडतं. आमच्या चौघांतही पहिल्या महिन्यात यावरून वाद झाला. पडून राहिलेल्या कामांत माझीच नावं जास्त निघाली.

राहिला खर्चाचा मुद्दा. मोबाईल प्रत्येकाकडं आहे, कार्यालयातला कॉम्प्युटर जुना आहे, ॲप फुकट आहे. पेनड्राईव्ह आणि रजिस्टर एवढाच खर्च. महाग आहे ती शिस्त. दिवसभर फिरून रात्री अंग दुखत असताना दहा मिनिटं बसून लिहिणं महाग आहे. पण संघटित व्हा याचा अर्थ एका मंडपात बसणं एवढाच नसतो. एकाला माहीत झालेलं दुसऱ्याला माहीत असणं, हाही त्याचा अर्थ आहे.

त्या बाईकडं मी नंतर गेले. तिनं मला रागावून बोलावं असं वाटत होतं. ती म्हणाली, “ताई, तुम्हाला लई गावं असतात. आमची तारीख कुठं ध्यानात राहणार?” यात तिचा राग नव्हता, सवय होती. आपली तारीख कुणाच्या ध्यानात राहत नाही, हे तिनं आधीच मान्य करून टाकलं होतं. तहसीलमध्ये राहत नाही, ठाण्यात राहत नाही, आणि आता आपल्या माणसांकडंही नाही.

तिच्या प्रकरणाची पुढची तारीख चार मोबाईलमध्ये, एका कॉम्प्युटरवर आणि एका रजिस्टरमध्ये होती. त्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही दोघी कोर्टाच्या आवारात होतो. सुनावणी झाली नाही, पुढची तारीख पडली. तिथंच उभ्या उभ्या मी ती मोबाईलमध्ये टाकली आणि नांदेडला फोन लावला: “दिसली का?”

“दिसली.”

तुमच्या शाखेत, मंडळात, वसतिगृहात येत्या रविवारी एवढंच करा. सगळ्यांनी आपापल्या नोंदी समोर ठेवा आणि बघा, आज तुमच्यातला एक माणूस गेला तर किती तारखा त्याच्यासोबत जातील. आकडा आला की बाकीचं आपोआप सुचेल.

जय भीम.